दादाच्या डोक्यात रक्तस्राव झालाय पण अँजिओग्राफी नॉर्मल, परत करू द्यायची का?

जाईचा_वेल (सोमवार, रात्री ११:५०)

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे वाचनमात्र असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास दादा (वय ४७) गॅसचा सिलिंडर जिन्यावरून वर आणत होता, मधल्या पायरीवरच खाली बसला आणि म्हणाला डोक्यात फटाका फुटल्यासारखं झालं. दोन उलट्या झाल्या, मान आखडली, उजेड सहन होईना. जवळच्या डॉक्टरांनी पित्त म्हणून इंजेक्शन दिलं. आमच्या घरी सगळ्या दुखण्यांचं मूळ पित्तच असतं त्यामुळे कुणाला वेगळं वाटलं नाही, पण वहिनी अडून बसली की हे नेहमीचं नाही आणि दुपारी सिटी स्कॅन करायलाच लावला. त्यात सबअरॅक्नॉइड हॅमरेज, म्हणजे मेंदूभोवती रक्तस्राव, निघालं, मग लगेच अँब्युलन्सने सांगलीहून कोल्हापूरला.

तिथे सिटी अँजिओ केली, धमनीवर फुगा वगैरे काही दिसला नाही. शुक्रवारी जांघेतून नळी घालून डीएसए केली, म्हणजे मेंदूच्या धमन्यांत डाय (फोटोत उठून दिसणारं औषध) सोडून फोटो काढले, त्यातही काही नाही. आता न्यूरोसर्जन म्हणतात येत्या शनिवारी परत डीएसए करू. दादा शुद्धीवर आहे, डोकं दुखतं पण सगळ्यांना ओळखतो, काल मटण मागत होता. वहिनीचा भाऊ म्हणतो दोन तपासण्या नॉर्मल आल्या, माणूस बोलतोय, आता तिसरी म्हणजे निव्वळ बिल वाढवायचे धंदे, घरी घेऊन चला. वहिनी दोन्हीकडून कात्रीत सापडलीये. मी पुण्यात, उद्या निघतेय. कुणाला असा अनुभव आहे का?

---

लवंगी_मिरची (मंगळवार, सकाळी ७:१०)

ताई, राग मानू नका पण तुमच्या वहिनींच्या भावाचं मला पटतंय. आमच्याकडे सासऱ्यांच्या गुडघ्याचे तीन एमआरआय झाले, तिन्हीत तेच. नॉर्मल म्हणजे नॉर्मल. मेंदूत नळ्या घालायची तपासणी उगाच दोनदा करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

---

ऑनड्यूटी_डॉक (मंगळवार, सकाळी ७:४५)

मिरची, गुडघा आणि हे एका तागडीत नका तोलू.

जाई, मी रेडिओलॉजीत आहे, तुमच्या दादांची फिल्म मी पाहिलेली नाही त्यामुळे निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच. पण सर्वसाधारण सांगतो. मार न लागता मेंदूभोवती असा रक्तस्राव झाला तर साधारण ८५ टक्के लोकांत कारण ॲन्युरिझम असतं, म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेला फुगा. १५ टक्क्यांच्या आसपास लोकांत पहिल्या अँजिओग्राफीत काहीच सापडत नाही. आणि या १५ टक्क्यांत दोन अगदी वेगळी माणसं असतात. एकाला खरंच फुगा नसतो, तो काही दिवसांनी घरी जातो आणि पुढे ठणठणीत राहतो. दुसऱ्याला फुगा असतो पण त्या दिवशी दिसलेला नसतो, आणि तो परत फुटू शकतो. हा दुसऱ्यांदा फुटलेला फुगा पहिल्यापेक्षा फार वाईट.

दोघांचा डीएसए रिपोर्ट सारखाच, नॉर्मल. मग ओळखायचं कसं, तर पहिल्या सिटीत रक्त कुठे साचलंय त्यावरून. म्हणून विचारतो, त्या पहिल्या सिटीच्या रिपोर्टात नेमकं काय लिहिलंय? जसंच्या तसं टाइप करा.

---

पेठेतला (मंगळवार, सकाळी ९:२०)

माझ्या आईचं २०१९ मध्ये सेम असंच. रक्तस्राव झाला, डीएसए नॉर्मल, आम्ही सगळे रडकुंडीला. मग मोठ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले हे पेरिमेसेनसेफॅलिक दिसतंय, काळजी करू नका. आम्हाला तो शब्द म्हणायलाच दोन दिवस लागले. दहाव्या दिवशी घरी आली, आज पर्वती चढते. तिला दुसरी डीएसए केली नाही, म्हणजे दरवेळी करतातच असं नाही. धीर धरा.

---

जाईचा_वेल (मंगळवार, सकाळी ११:०५, एसटीतून)

रिपोर्टचा फोटो वहिनीने पाठवला. लिहिलंय की बेसल सिस्टर्न, दोन्ही बाजूच्या सिल्व्हियन फिशर आणि अँटिरिअर इंटरहेमिस्फेरिक फिशरमध्ये रक्त, तिथे जास्त. व्हेंट्रिकलमध्ये थोडं. काय अर्थ? पेठेतला, तुमच्या आईसारखं असू दे देवा.

---

ऑनड्यूटी_डॉक (मंगळवार, दुपारी १:३०)

जाई, खोटा दिलासा देत नाही. पेठेतल्यांच्या आईंचा जो प्रकार होता त्यात रक्त मेंदूच्या देठासमोर, मिडब्रेनच्या अवतीभवती थोडक्यात साचतं, बाजूच्या फटींत, म्हणजे सिल्व्हियन फिशरमध्ये, लांबवर जात नाही आणि पुढच्या मधल्या फटीत (तुमच्या रिपोर्टातली अँटिरिअर इंटरहेमिस्फेरिक फिशर) तर नाहीच. हा प्रकार १९८५ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा वेगळा काढून दाखवला, बहुधा एखादी छोटी शीर गळते असा अंदाज आहे. त्यातली माणसं जवळजवळ सगळी बरी होतात. तरीसुद्धा त्यांची एकदा नीट अँजिओग्राफी करतातच, कारण मागच्या बाजूच्या धमनीवरचा फुगा कधीकधी हुबेहूब तसंच चित्र काढतो. आणि सिटी पहिल्या तीन दिवसांतला हवा, नंतर रक्त पसरतं, विरतं, मग त्यावरून काही बोलता येत नाही. तुमचा त्याच दुपारचा आहे, म्हणजे भरवशाचा.

दादांचं रक्त पसरलेलं आहे आणि पुढच्या मधल्या फटीत जास्त आहे. ही फट जिथे आहे तिथेच दोन पुढच्या धमन्यांना जोडणारी एक इवलीशी धमनी असते, अँटिरिअर कम्युनिकेटिंग. फुगे येण्याची ती फार आवडती जागा, आणि पहिल्या तपासणीत हुकण्याचीही. सर्जन परत डीएसए म्हणतायत ते बिलासाठी नाही. मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

---

कॅथलॅबवाला (मंगळवार, संध्याकाळी ६:१५)

ड्यूटी संपवून आलो. मी डॉक्टर नाही, कॅथ लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बारा वर्षं. हे "हुकतं कसं" ते जरा माझ्या बाजूने सांगतो.

डीएसएतला एस म्हणजे सबट्रॅक्शन, वजाबाकी. आधी डाय न सोडता फोटो, मग डाय सोडून फोटो, आणि दुसऱ्यातून पहिला वजा, हाडं गायब आणि नुसतं धमन्यांचं झाड उरतं. आता या मधल्या वेळात पेशंटने आवंढा गिळला, मान हलवली की वजाबाकी फसली, चित्र फरफटलं. रक्तस्रावाचा पेशंट असतो बेचैन, तळमळतो, त्यामुळे हे होतंच.

दुसरं, डोक्याला चार मुख्य नळ. पुढे दोन कॅरोटिड, मागे दोन व्हर्टिब्रल. चारही वेगवेगळे भरून बघायला हवेत. घाईत काय होतं, डावी व्हर्टिब्रल भरली की डाय उलटा उजवीकडे थोडा उतरतो, म्हणून उजवी सोडून देतात, आणि नेमका उजवीच्या खालच्या फांदीवर, पायका म्हणतात तिला, फुगा बसलेला असतो. काही सेंटरला एक्स्टर्नल कॅरोटिडही भरतात, फिस्च्युला म्हणजे धमनी आणि शिरेची चोरवाट नाही ना बघायला.

तिसरं, जी मधली जोडधमनी डॉकनी सांगितली ती दोन्हीकडून सारखाच प्रेशर आला तर भरतच नाही, डाय आपापल्या बाजूने निघून जातो. मग एक जण एका बाजूची कॅरोटिड मानेवर हाताने दाबून धरतो आणि दुसऱ्या बाजूने डाय सोडतात, तेव्हा ती बिचारी उजळते. त्याच्या जोडीला थ्रीडी, मशीनचा हात डोक्याभोवती गर्रकन फिरतो आणि संगणकावर धमनी हवी तशी फिरवून बघता येते. सपाट फोटोत एका धमनीच्या सावलीत दुसरी लपते, थ्रीडीत लपत नाही सहसा.

तर जाईताई, भांडू नका, फक्त गोड बोलून विचारा, चारही भरले होते का, थ्रीडी घेतली होती का. आणि सीडी मागून ठेवा. नुसता कागद नाही, सीडी.

---

लवंगी_मिरची (मंगळवार, रात्री ९:००)

वाचलं. शब्द मागे घेते, निदान अर्धे. पण एक सांगा, एवढं नीट केलं आणि तरी दिसला नाही असं होतं का? आणि आठ दिवस थांबून तोच फुगा कसा काय दिसायला लागतो? आज नाही तो शनिवारी कुठून येणार? बरं एमआरआय का नाही, त्यात नळी नाही काही नाही.

---

ऑनड्यूटी_डॉक (मंगळवार, रात्री १०:४०)

रास्त प्रश्न. होतं. फुगा फुटला की त्याच्या तोंडाशी गुठळी बसते, त्यामुळेच तर माणूस वाचतो. ती गुठळी फुग्यात भरलेली असली तर डाय आत शिरतच नाही, मग फोटोत फुगा नाही. काही दिवसांनी शरीर ती गुठळी विरघळवतं आणि फुगा परत भरतो. म्हणजे ज्या गोष्टीमुळे तो दिसायला लागतो त्याच गोष्टीमुळे तो परत फुटू शकतो. म्हणून दवाखान्यात झोपवून ठेवून बघायचं, घरी नाही.

दुसरं कारण, सांडलेल्या रक्तामुळे धमन्या आकसतात, फुग्याकडे जाणारा प्रवाहच बारीक होतो. तिसरं, बाजूला साचलेलं रक्त फुग्याला दाबून चपटा करतं. चौथं, ब्लिस्टर नावाचा प्रकार, कॅरोटिडच्या सरळ भिंतीवर फांदी नसलेल्या जागी आलेला फोड, पहिल्या दिवशी नुसता उंचवटा वाटतो, कुणी लक्ष देत नाही, आठवड्यात फुगून बसतो. भिंत म्हणाल तर कांद्याच्या सालीएवढी.

सिटी अँजिओ चांगलीच तपासणी आहे पण ३ मिलिमीटरपेक्षा लहान फुग्याला तिची नजर कमी पडते, विशेषतः कवटीच्या तळाच्या हाडाला चिकटून असला तर. एमआरआयचा उपयोग वेगळा आहे, गुठळीने भरलेला फुगा किंवा मानेतल्या मणक्यातली रक्तवाहिन्यांची गुंतागुंत त्यात सापडू शकते, कधीकधी रक्त तिथून वर चढलेलं असतं. डीएसए दोनदा कोरी आली की मानेचा एमआरआय करतात बरेच जण. डीएसएला धोका नाही असं नाही, नळीमुळे मेंदूचा झटका (स्ट्रोक) येऊन कायमचं नुकसान होण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे, पण आहे. आणि डायसाठी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगायला विसरू नका.

---

निसर्गमित्र_७ (बुधवार, सकाळी ६:०५)

ब्राह्मी आणि लसणाचा काढा सकाळ संध्याकाळ. नसा मोकळ्या होतात. आमच्या गावात एकाचा फुगा विरघळला.

---

कॅथलॅबवाला (बुधवार, सकाळी ६:४०)

निसर्गमित्र, नसा मोकळ्या झाल्या तर पंचाईतच आहे इथे. जाईताई, डॉक्टरांना न विचारता कसलाही काढा, लसणाच्या गोळ्या, डोकेदुखीला ॲस्पिरिन, काही म्हणजे काही देऊ नका. रक्त पातळ होईल असं घरातलं काहीही नको.

---

सासवडकर (बुधवार, रात्री ११:३०)

उशिरा धागा पाहिला. बाबांची गोष्ट सांगतो, ते ६१ वर्षांचे होते तेव्हा.

त्यांना शेतात डोकं दुखलं, दोन दिवस अंगावर काढलं, तिसऱ्या दिवशी सिटी केला तो स्वच्छ. घरी पाठवणारच होते, पण एका तरुण डॉक्टरबाईंनी सगळी गोष्ट नीट विचारली, "दुखणं हळूहळू वाढलं की एका क्षणात शिगेला पोचलं" हा प्रश्न तिने तीनदा विचारला. बाबा म्हणाले वीज पडली तसं. तिने पाठीतून पाणी काढलं. ते पाणी पिवळट निघालं, म्हणजे आत रक्त सांडून जुनं झालेलं. सिटीच्या भरवशावर राहिलो असतो तर तिथेच संपलं असतं. (नंतर कळलं, सिटी पहिल्या सहा तासांत केला तर सहसा चुकत नाही, पुढे दिवस जातील तसा रक्ताचा पांढरा रंग पुसट होत जातो, आणि पाठीच्या पाण्याचा पिवळेपणा मात्र बारा तासांनंतरच भरवशाचा.)

पहिली डीएसए नॉर्मल. आम्हीही नाचलो. भावाने पेढे आणले. बाराव्या दिवशी दुसरी, त्यात निघाला, मागच्या बाजूला, पायकावर. सर्जन तेव्हा एवढंच बोलले की बरं झालं थांबलात.

पण तो मधला काळ, तो कुणी सांगत नाही. अशा रक्तस्रावानंतर देतात त्या निमोडिपिनच्या गोळ्या दर चार तासांनी, एकवीस दिवस, रात्रीसुद्धा. रात्री बारा, पहाटे चार, सकाळी आठ. आम्ही तीन फोनवर अलार्म लावले होते. बीपी खाली गेलं की गोळी अर्धी करून दोन दोन तासांनी. चौथ्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत धमन्या आकसण्याची भीती, म्हणून येताजाता "हात वर करा, दात दाखवा, आज वार कोणता". सातव्या दिवशी बाबा मला माझ्या काकाच्या नावाने हाक मारायला लागले आणि मी तसाच नर्सकडे पळालो, सलाईन आणि बीपी वाढवून सावरलं. रक्तातलं सोडियमही उतरत होतं. शी करताना जोर लावायचा नाही म्हणून गोडमिट्ट सिरप. भेटायला येणाऱ्यांना मी दारातच अडवायचो, आत्या अजून बोलत नाही माझ्याशी.

जाई, दादा मटण मागतोय हे छान आहे, पण तेवढ्यावरून घरी नेऊ नका. बाबाही भाकरी मागत होते.

---

जाईचा_वेल (गुरुवार, दुपारी ४:१५)

इथे पोचले. तुमच्या प्रतिक्रिया वहिनीला आणि तिच्या भावाला मोठ्याने वाचून दाखवल्या, पेढ्यांचं वाचल्यावर तो गप्प झाला. सर्जनना विचारलं तर ते अजिबात चिडले नाहीत. पहिल्या वेळी चारही भरले होते, पण दादा सारखा हलत होता आणि थ्रीडी एकाच बाजूची नीट आली होती. त्यांनीच सांगितलं की माझी शंका पुढच्या जोडधमनीवर आहे, यावेळी भूल देऊन करू म्हणजे हलणार नाही. कॅथलॅबवाला, तुम्ही सांगितलेलं मान दाबण्याचं मी विचारलं तर हसले, म्हणाले तुम्ही कुठून शिकलात!

सोडियम १२८ आलंय आज, मिठाच्या कॅप्सूल सुरू केल्या.

---

पेठेतला (शनिवार, दुपारी १२:००)

आज ना? काय झालं?

---

जाईचा_वेल (शनिवार, रात्री ८:२०)

सापडला. जोडधमनीवरच, २ मिलिमीटर. बोरीच्या बीएवढाही नाही हो. सर्जननी संगणकावर फिरवून दाखवलं, समोरून काही नाही, तिरकं केलं की मागून एक टिंब डोकावतं. मान दाबून डाय सोडल्यावर भरलं ते. वहिनीचा भाऊ त्या पडद्याकडे बघत राहिला.

एवढ्या लहान फुग्यात कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) भरताना तो फुटायची भीती जास्त, आणि तोंडही रुंद आहे, म्हणून डोकं उघडून क्लिप लावणार. उद्या सकाळी. सरकारी आरोग्य योजनेत बसतंय का ते आरोग्यमित्राकडे विचारून आलो, कागदपत्रं दिलीत. घाबरलेय.

---

ऑनड्यूटी_डॉक (शनिवार, रात्री ८:५०)

जाई, सापडलेला फुगा बरा, न सापडलेला वाईट. क्लिप ही जुनी आणि मुरलेली पद्धत आहे, १९३७ पासून लावतात. आज झोपा थोडं.

(अवांतर: मेंदूची अँजिओग्राफी पहिल्यांदा १९२७ साली लिस्बनच्या इगास मोनिझने केली. पुढे त्यांना नोबेल मिळालं ते मात्र याबद्दल नाही, लोबोटोमीसाठी, म्हणजे मेंदूचे धागे कापण्यासाठी, जी नंतर जगाने टाकून दिली. ज्याने लाखो माणसं वाचली त्याला पदकच नाही. असो.)

---

जाईचा_वेल (मंगळवार, संध्याकाळी ७:००)

झालं. साडेपाच तास लागले. क्लिप बसली, नंतर परत एकदा डाय सोडून बघितलं, फुगा पूर्ण बंद, बाजूच्या धमन्या चालू. दादा हातपाय हलवतो, आवाज बसलाय नळीमुळे. सगळ्यांचे आभार कसे मानू. मिरचीताई तुमचेही, तुम्ही विचारलं म्हणून आमच्या घरातल्या शंकाही फिटल्या.

एक प्रश्न, आता मी आणि धाकटा भाऊ, आम्हीही तपासून घ्यायचं का?

---

ऑनड्यूटी_डॉक (मंगळवार, रात्री १०:१०)

आईवडील आणि सख्खी भावंडं धरून घरात दोघांना किंवा जास्त जणांना झालं असेल तर, किंवा किडनीत गाठी येण्याचा आनुवंशिक आजार असेल तर एमआर अँजिओने तपासायला सांगतात. एकट्याला झालं तर सरसकट नाही, तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. साधारण शंभरात तिघांच्या डोक्यात फुगा असतो आणि बहुतेकांचा कधीच फुटत नाही, त्यामुळे सापडला तर काय करायचं हा आणखी मोठा प्रश्न. बीपी मोजा. आणि धाकटा बिडी सिगारेट ओढत असेल तर आजच थांबवा, हे मात्र चर्चा न करता.

---

जाईचा_वेल (पुढच्या गुरुवारी, सकाळी ९:३०)

धाकट्याने चर्चा केलीच, पण पाकीट वहिनीने जप्त केलं.

काल एकविसावा दिवस, निमोडिपिनची शेवटची गोळी झाली. दादा सोमवारीच घरी आलाय. सासवडकर, तुम्ही सांगितलं तसे तीन फोनवर अलार्म होते आमच्याकडेही. काल रात्री वहिनीने सगळे बंद केले आणि आज पहाटे चारला आपोआप उठून पाण्याचा ग्लास घेऊन दादाच्या उशाशी उभी.

---

पेठेतला (गुरुवार, सकाळी ९:५०)

मटण मिळालं का त्याला?

---

जाईचा_वेल (गुरुवार, सकाळी ९:५५)

रविवारी करणार आहे. आत्तापासूनच बजावून ठेवलंय त्याने, दवाखान्यासारखं अळणी करू नकोस म्हणून. म्हटलं बाबा, मिठाच्या कॅप्सूल खाल्ल्यास तिथे तू.